बांध कोणी कोरला?

१९९९ चा एप्रिल. अमळनेरला माझं डीटीपीचं छोटं दुकान होतं. एक कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर आणि समोर लग्नसराईची रांग. आपल्या खान्देशातल्या पत्रिकेत अख्खी भाऊबंदकी बसवावी लागते. निमंत्रक, व्यवस्थापक, मामेकूळ, गावातली पंचमंडळी आणि सगळ्यात खाली नातवंडांचा आग्रह. एक नाव राहिलं तर तो माणूस मांडवात येत नाही, हे पत्रिका टाइप करणाऱ्याला पहिल्या आठवड्यातच कळतं. त्या दिवशी पारोळ्याकडच्या एका खेड्यातले आजोबा वहीच्या फाडलेल्या तीन पानांवर नावं लिहून घेऊन आले होते. नातीचं लग्न होतं. ते एकेक नाव वाचत होते, मी टाइप करत होतो. दीड तास गेला. शेवटची चाळीसेक नावं अजून सेव्ह व्हायची होती. कच्ची प्रत त्यांना दाखवावी म्हणून मी प्रिंटची कमांड दिली आणि पडदा निळा झाला. वर पांढरी इंग्रजी अक्षरं, काही आकडे. कुठलंही बटण दाबा, मशीन हूं की चूं करेना.

आजोबा स्टुलावरून उठले, दोन पावलं मागे सरकले आणि म्हणाले, "काय व्हयनं भाऊ? मी तं हातबी लावा नही."

खरोखरच त्यांनी कशाला हात लावला नव्हता. एका हातात ती पानं, दुसरा हात उपरण्यात. मी म्हणालो, "बाबा, तुमचं काही नाही, कधी कधी होतं असं." मग सगळं पुन्हा टाइप केलं. त्यांची दुपारची एसटी चुकली, संध्याकाळच्या गाडीनं ते गेले.

त्यांचं ते वाक्य मला अजून ऐकू येतं. मशीन बिघडलं आणि मशीनपासून सगळ्यात लांब बसलेल्या माणसानं आधी स्वतःची सफाई दिली. आणि कॉम्प्युटर शिकवायची फी घेणाऱ्या माझ्याजवळ "कधी कधी होतं असं" याच्यापेक्षा बरं उत्तर नव्हतं. आज मी मशीनं दुरुस्त करून पोट भरतो, आणि ठामपणे सांगतो की ते उत्तर चुकीचं होतं. कॉम्प्युटर आपोआप कोसळत नाही. एका प्रोग्रामच्या चुकीनं अख्खं मशीन आडवं होऊ नये याचा इलाज त्या दिवसाच्या कितीतरी वर्षं आधी माहीत होता. तो घरगुती मशीनमध्ये कधी, किती आणि कोणाच्या सोयीनं घालायचा हे माणसांनी ठरवलं. ज्या निर्णयाची किंमत आपण भरतो, त्याबद्दल विचारायचा हक्कही आपलाच आहे. आज सातबाऱ्यापासून पीकविम्यापर्यंत सगळं कॉम्प्युटरवर आलं आहे. त्यामुळे आता हा गल्लीतल्या डीटीपीवाल्याच्या नुकसानीपुरता प्रश्न राहिलेला नाही.

इलाज काय, ते शेतकऱ्याला दोन मिनिटांत कळतं. बांध.

कॉम्प्युटरची मेमरी म्हणजे एक मोठं शिवार समजा. त्यात एकाच वेळी अनेक जण कसतात: टायपिंगचा प्रोग्राम, प्रिंटरचा प्रोग्राम, घड्याळ, आणि या सगळ्यांवर देखरेख करणारी ऑपरेटिंग सिस्टीम. प्रत्येकाचा तुकडा ठरलेला. गावात शेजाऱ्याचा बांध वीतवीत कोरणारा माणूस असतो, तो लोभानं कोरतो. प्रोग्रामला लोभ नसतो. त्याचा हिशेब चुकतो, बैल उधळल्यासारखा तो हद्दीबाहेर जातो आणि दुसऱ्याच्या उभ्या पिकात नांगर घालतो. आता बांध जर नुसता कागदावरच असेल तर त्याला अडवणार कोण? माझ्या दुकानातल्या त्या मशीनमध्ये बरेचसे बांध कागदावरच होते.

१९८१ साली आयबीएमचा पीसी आला, त्यात इंटेलचा ८०८८ प्रोसेसर होता. त्या प्रोसेसरला हद्द नावाची गोष्टच माहीत नव्हती. कुठलाही प्रोग्राम मेमरीच्या कुठल्याही जागी काहीही लिहू शकत असे. मेमरीच्या अगदी सुरुवातीच्या १०२४ बाइटमध्ये २५६ पत्ते ठेवलेले असत. कीबोर्डचं बटण दाबलं तर कुठे जायचं, घड्याळाचा टोला पडला तर कुठे जायचं, ते तिथे लिहिलेलं. शून्य नंबरच्या जागेवर चुकून लिहिणं ही तर प्रोग्राम लिहिणाऱ्याची नेहमीची चूक, आणि नेमका तिथेच हा मर्मभाग. डॉस या पीसीच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या काळात मशीन एकदम गोठायचं त्याचं हे एक मोठं कारण होतं.

पण मोठ्या कॉम्प्युटरवाल्यांना हे दुखणं माहीत होतं. मँचेस्टर विद्यापीठातल्या ॲटलस या कॉम्प्युटरमध्ये १९६२ सालीच मेमरीची पानं, म्हणजे सारख्या मापाचे तुकडे, पाडायची सोय होती. साठच्या दशकातल्या मल्टिक्स आणि त्यानंतरच्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये एका वापरकर्त्याचा प्रोग्राम दुसऱ्याच्या जागेत शिरू शकत नसे. पीसीच्या बाजूलाही इंटेलनं १९८२ साली ८०२८६ मध्ये संरक्षणाची सोय दिली, आणि १९८५ च्या ८०३८६ मध्ये ती नीट पक्की केली. ३८६ मध्ये मेमरीची ४०९६ बाइटची पानं पडतात आणि प्रत्येक प्रोग्रामचा वेगळा तक्ता असतो. प्रोसेसरजवळचा सातबाराच म्हणा ना. दर वाचण्या-लिहिण्याला प्रोसेसर तो तक्ता बघतो. पान त्या प्रोग्रामच्या नावावर नसेल तर तिथल्या तिथे काम थांबवतो आणि ऑपरेटिंग सिस्टीमला हाक मारतो. सिस्टीम त्या एका प्रोग्रामला बंद करते, बाकीचे चालू राहतात.

यातला फरक मी डोळ्यांनी पाहिला आहे. २००० साली एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून मी दुकानातल्या त्याच मशीनवर लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. लिनस टॉरवाल्ड्सनं १९९१ साली लिनक्स लिहायला घेतलं ते ३८६ वरच, आणि पहिल्यापासून त्यात ही सोय वापरलेली आहे. मी सी भाषेत पाच ओळींचा एक मुद्दाम चुकीचा प्रोग्राम लिहिला: शून्य नंबरच्या जागेपासून पुढे शून्य लिहीत सुटायचं. डॉसमध्ये तो चालवला तर मशीन जागच्या जागी मेलं, कीबोर्डवरचा कॅप्स लॉकचा दिवासुद्धा लागेना. लिनक्समध्ये चालवला तर पडद्यावर एक ओळ आली, सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे प्रोग्राम हद्दीबाहेर गेला, आणि खाली कर्सर पुन्हा लुकलुकत उभा. मशीन तेच, रॅम तीच, दुकानावरच्या पत्र्याचा उकाडाही तोच. मी तो प्रोग्राम दहा वेळा चालवला. दहाही वेळा कर्सर परत आला. खोटं सांगत नाही, डोळ्यांत पाणी आलं. मला ते आजोबा आठवले.

मग तेव्हाच्या घरगुती सिस्टीममध्ये हे का नव्हतं? ज्यांनी निर्णय घेतला त्यांची बाजूही इथे मांडली पाहिजे, कारण काही काळ ती खरी होती. १९९५ मध्ये रॅम महाग होती, अमेरिकेत एका एमबीला साधारण ३० डॉलर पडत. मायक्रोसॉफ्टजवळ १९९३ पासून विंडोज एनटी होती, तिच्यात बांध पक्के होते, पण तिला किमान १२ एमबी रॅम लागे. विंडोज ९५ किमान ४ एमबीत चाले. शिवाय लोकांजवळ डॉसचे आणि जुन्या विंडोजचे हजारो प्रोग्राम होते, ते नव्यावर चालले नसते तर कोणी नवीन घेतलं नसतं. म्हणून ९५ मध्ये मधला मार्ग काढला. नव्या ३२ बिट प्रोग्रामांना वेगवेगळे तक्ते दिले. पण जुन्या प्रोग्रामांसाठी खालचा पट्टा आणि सिस्टीमच्या सामायिक वापराचा वरचा पट्टा मोकळाच ठेवला. शेताशेतांत बांध, गावठाण मात्र उघडं, असा तो प्रकार. ज्या काळात चार एमबी रॅमलाही ग्राहक दोनदा विचार करत, त्या काळातली ही तडजोड मी समजू शकतो.

पुढचं समजू शकत नाही. १९९६ पासून रॅमच्या किमती कोसळल्या. १९९८ ला विंडोज ९८ आली, २००० ला मिलेनियम आली, आणि घरगुती ग्राहकाच्या पदरात तोच उघडा पाया पडला. एनटीच्या पायावरची एक्सपी घरोघरी पोचायला २००१ चा ऑक्टोबर उजाडला. म्हणजे ३८६ मध्ये सोय आल्याला १६ वर्षं झाली होती. ॲपलवाल्यांचंही वेगळं नव्हतं. १९८४ पासून मॅकमध्ये प्रोग्रामांमध्ये बांध नव्हते, कोसळलं की बाँबचं चित्र यायचं. नवी सिस्टीम लिहायचा प्रयत्न १९९६ मध्ये सोडून द्यावा लागला आणि युनिक्सच्या पायावरची मॅक ओएस टेन २००१ च्या मार्चमध्ये आली.

या उशिरापेक्षाही मला एक गोष्ट जास्त लागते. ती म्हणजे त्या काळातल्या संदेशांची भाषा. प्रोग्राम हद्दीबाहेर गेला की विंडोज ९५ आणि ९८ मध्ये संदेश येई: या प्रोग्रामनं बेकायदेशीर कृती केली आहे. माझ्या क्लासला शिरूड-मारवडकडची पोरं यायची. इंग्रजी जेमतेम. 'इललीगल' हा शब्द मात्र त्यांना पेपरमधून माहीत होता. एक मुलगी तो संदेश बघून बॅग उचलून निघालीच होती. आणि मशीन कोसळल्यावर पुन्हा सुरू केलं की स्कॅनडिस्कचा निळा पडदा सांगायचा की तुम्ही विंडोज नीट बंद केली नाही, हा संदेश पुन्हा नको असेल तर नेहमी शट डाऊन करूनच बंद करत जा. सिस्टीम स्वतः पडली, तरी ताकीद बसणाऱ्याला. त्यातून आपल्याकडे भारनियमन. भुसावळजवळ दीपनगरला औष्णिक केंद्राच्या चिमण्या धूर सोडताना दिसायच्या आणि आसपासच्या तालुक्यांत तास-तास वीज नसायची. लाइट जाणं काही वापरणाऱ्याच्या हातात नव्हतं. पण रोज सकाळी तो पडदा त्यालाच बोल लावायचा. वर्षानुवर्षं असं झाल्यावर आजोबांच्या तोंडून "मी तं हातबी लावा नही" निघालं तर नवल कसलं? २००१ पासून एमएस-सीआयटीनं महाराष्ट्रात लाखो लोकांना कॉम्प्युटर शिकवला, ते मोठं काम आहे. पण शट डाऊन कसं करायचं ते शिकवताना मशीन स्वतःहून का पडतं हे आम्ही शिकवणाऱ्यांनी कोणाला सांगितलं नाही. मीही नाही.

एक्सपीनंतर शेताशेतांतले बांध पक्के झाले. तरी निळा पडदा गेला नाही. का गेला नाही, ते सांगायला मला पांझरेच्या काठी जावं लागेल.

धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर शतकानुशतकं फड पद्धत चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली फड. त्यातलं शहाणपण असं की पाण्याचं दार शेतकरी स्वतः उघडत नाही. ते काम पाटकऱ्याचं. गावानं नेमलेला माणूस, त्याला सगळ्यांच्या पाळ्या ठाऊक, तो पाणी फिरवतो. शेतकऱ्यानं फक्त मागायचं. कॉम्प्युटरमध्ये हा पाटकरी म्हणजे कर्नल, ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. डिस्कवर लिहायचं, पडद्यावर काढायचं, मेमरी हवी, काहीही असो, प्रोग्राम मागतो आणि कर्नल देतो. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये यासाठी अधिकाराच्या चार पायऱ्या आहेत, शून्य ते तीन. साधे प्रोग्राम तीनवर, कर्नल शून्यावर. शून्यावर बसलेल्याला कुठलाही बांध नाही, त्याला सगळं शिवार मोकळं. पाटकऱ्याला ते लागतंच.

घोटाळा असा की पाटकऱ्याची किल्ली भलत्याभलत्यांना दिली गेली. ड्रायव्हर म्हणजे जोडलेलं यंत्र चालवणारा प्रोग्राम. प्रिंटरचं ड्रायव्हर, स्कॅनरचं ड्रायव्हर, व्हिडिओ कार्डाचं ड्रायव्हर, अँटिव्हायरस, ही सगळी बाहेरच्या कंपन्यांनी लिहिलेली. ती कर्नलच्या पायरीवर नेऊन बसवली, कारण तिथे वेग मिळतो आणि लिहायला सोपं जातं. त्यातल्या एकाचाही हिशेब चुकला तर अडवायला वर कोणी नाही. १९९६ च्या एनटी ४.० मध्ये तर मायक्रोसॉफ्टनं चित्रांचं कामही वेगासाठी बाहेरून उचलून गाभ्यात नेलं. १९९८ च्या २० एप्रिलला शिकागोच्या प्रदर्शनात बिल गेट्स यांच्यासमोर विंडोज ९८ ला स्कॅनर जोडून दाखवताना सगळ्या सभेपुढे निळा पडदा आला, ते अनेकांनी पाहिलं असेल. २००३ च्या एका शोधनिबंधात एक्सपीच्या नोंदवल्या गेलेल्या बिघाडांपैकी ८५ टक्के ड्रायव्हरांमुळे असल्याचं म्हटलं आहे. माझ्या दुकानातलं त्या दिवशीचं कोसळणं प्रिंटची कमांड दिल्यावरच झालं होतं. प्रिंटरबरोबर आलेल्या सीडीतलं ड्रायव्हर बदलल्यावर ते थांबलं.

निळ्या पडद्याबद्दल मात्र एक न्यायाची गोष्ट. तो स्वतः शत्रू नाही. विहिरीवरच्या मोटारीचा एक फेज गेला की स्टार्टर पडतो, तो मोटार जळू नये म्हणून. तसं गाभ्यात गडबड दिसली की सिस्टीम मुद्दाम सगळं थांबवते, नाहीतर चुकलेला हिशेब डिस्कवर लिहिला जाऊन असलेलं कामही जाईल. स्टार्टर सारखा पडतो म्हणून त्यात लाकडी खुंटी घालून ठेवणाऱ्याची मोटार जळते. विचारायचं असतं ते हे, की फेज का जातो.

२००७ च्या व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टनं व्हिडिओ ड्रायव्हरचा मोठा भाग बाहेर काढला. तो अडकला तर पडदा क्षणभर काळा होतो आणि सिस्टीम तेवढंच ड्रायव्हर पुन्हा सुरू करते. प्रिंटरची ड्रायव्हरंही गाभ्याबाहेर गेली. ॲपलनं २०१९ च्या मॅक ओएस कॅटालिनापासून बाहेरच्यांना कर्नलमधून हटवायला सुरुवात केली. म्हणजे हे करता येतं. आणि ज्यांनी केलं नाही त्यांच्यापायी काय झालं ते १९ जुलै २०२४ च्या शुक्रवारी जगानं पाहिलं.

क्राउडस्ट्राइक या कंपनीचं सुरक्षेचं सॉफ्टवेअर मोठमोठ्या कंपन्यांच्या विंडोज मशीनवर, कर्नलच्या पायरीवर बसलेलं होतं. त्या दिवशी आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ९.३९ ला एक नवी माहितीची फाइल सगळीकडे सोडली गेली. त्या फाइलमुळे प्रोग्राम एकविसावी किंमत वाचायला गेला, आणि त्याला दिलेल्या होत्या वीस. एक पाऊल हद्दीबाहेर. साध्या प्रोग्रामकडून हे झालं असतं तर तो एकटा बंद पडला असता. शून्याच्या पायरीवर झालं म्हणून मशीन पडलं, पुन्हा सुरू केलं की पुन्हा पडलं. ७८ मिनिटांत, १०.५७ ला फाइल मागे घेतली, तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं ८५ लाख मशीनं आडवी झाली होती. एकूण विंडोज मशीनच्या एक टक्काही नव्हेत, तरी जगभर विमानं अडली, दवाखान्यांची कामं अडली. आपल्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. दुरुस्ती दुरून करता येत नव्हती. एकेका मशीनसमोर माणूस बसवायचा, सेफ मोडमध्ये चालू करायचं, ती एक फाइल पुसायची. त्यानंतर मायक्रोसॉफ्टनं सुरक्षेची सॉफ्टवेअरं कर्नलबाहेर चालतील अशी सोय करण्याचं जाहीर केलं, आणि क्राउडस्ट्राइकनंही फाइली आधी थोड्या मशीनवर, मग टप्प्याटप्प्यानं सोडायचं ठरवलं. नवीन बियाणं आपला शेतकरी आधी एका पट्ट्यात लावून बघतो. ८५ लाख मशीनं पडल्यावर हे सुचावं याचं मला वाईट वाटतं.

सगळा दोष सॉफ्टवेअरचा असतो असंही नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा माझ्या टेबलावर येणाऱ्या मशीनपैकी कितीतरी धुळीनं भरलेल्या पंख्याची आणि कमीजास्त व्होल्टेजनं फुगलेल्या कपॅसिटरची असतात. रॅम काढून तिचे पाय खोडरबरानं घासले की निम्मी तिथेच चालू होतात. खराब रॅम एखादा बिट, म्हणजे शून्य किंवा एकचा आकडा, स्वतःच पालटते आणि त्यापुढे कुठलाही बांध कामाचा नाही. त्याचाही इलाज जुना आहे. १९८१ च्या आयबीएम पीसीत दर आठ बिटांमागे तपासणीचा एक जादा बिट होता. नव्वदच्या दशकात स्वस्ताईसाठी तो काढला गेला, आणि चूक ओळखून दुरुस्त करणारी रॅम आज बहुतेक करून सर्व्हरमध्येच मिळते. गावच्या सेवा केंद्रातलं मशीन उन्हात, धुळीत, हलत्या विजेवर चालतं. खरी गरज तिथे आहे.

आता आजचं बघा. मागच्या हंगामात यावल तालुक्यातल्या एका सेवा केंद्रात मी मशीन बघायला गेलो होतो. केळीच्या विम्याचे शेवटचे दिवस, बाहेर दहा-बारा माणसं, आत एक ताई की-बोर्डवर. सातबारा चढवला, बँक पासबुक चढवलं, केळीच्या बागेचा फोटो चढवला, आणि ब्राउझरचा तो टॅब कोसळला. फक्त तो टॅब. शेजारचे टॅब चालू, मशीन चालू. २००८ मध्ये गूगलचा क्रोम आला तो टॅब वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे मध्ये बांध घालून, चालवण्याचा विचार घेऊनच. माझ्या धंद्याच्या नजरेनं हे यश होतं. १९९९ मध्ये अख्खं मशीन गेलं असतं. पण ताईंनी टॅब पुन्हा उघडला तर फॉर्म कोरा. अर्धा भरलेला फॉर्म जपून ठेवायची सोय त्या संकेतस्थळावर नव्हती. दुसऱ्यांदा भरताना सर्व्हर डाऊन. ज्यांचा फॉर्म होता ते गृहस्थ पन्नाशीचे, चांगले बागायतदार. ते म्हणाले, "ताई, माझ्या कागदात काही चुकलं का?"

पंचवीस वर्षांनी तेच वाक्य. प्रोसेसर बदलले, सिस्टीम बदलल्या, बांध पक्के झाले, पण माणूस अजून स्वतःच्याच कागदात चूक शोधतो. म्हणून मला वाटतं, मेमरीच्या संरक्षणाची गोष्ट प्रोसेसरवर संपवून चालणार नाही. एकाची चूक दुसऱ्याच्या कामावर जाऊ द्यायची नाही, हे तत्त्व मशीनच्या आत मान्य झालं. तेच संकेतस्थळाला आणि कचेरीलाही लागू करायला हवं. भरलेली प्रत्येक पायरी तिथल्या तिथे जपली गेली पाहिजे. सर्व्हर जितके तास बंद, तितकी मुदत आपोआप पुढे गेली पाहिजे, त्यासाठी मोर्चा काढायची वेळ येऊ नये.

खरेदीच्या वेळी विचारायला हवं ते वेगळं. ग्रामपंचायत, जिल्हा परिषदेची शाळा, पतपेढी, सगळीकडे मशीन घेताना रॅम किती, हार्ड डिस्क किती, किंमत किती, एवढंच बघतात. ही सिस्टीम कधीपर्यंत सांभाळली जाणार ते कोणी विचारत नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण सांभाळ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तरी मला तालुक्याच्या गावांत ती जागोजाग चालू दिसते. सोबतचं अँटिव्हायरस आणि अंगठ्याच्या यंत्राचं ड्रायव्हर कर्नलमध्ये बसतं का, हे विक्रेत्याकडून लिहून घेतलं पाहिजे. सॉफ्टवेअर कुठल्या भाषेत लिहिलं आहे हेसुद्धा उद्या विचारावं लागेल. मायक्रोसॉफ्टनंच २०१९ मध्ये सांगितलं की त्यांच्या सुरक्षेच्या दुखण्यांपैकी ७० टक्के मेमरीच्या चुकांची आहेत, आणि अँड्रॉइडमध्ये मेमरीच्या हद्दी स्वतः सांभाळणाऱ्या रस्टसारख्या भाषांकडे वळल्यावर अशा चुकांचा वाटा २०१९ च्या ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ वर आला.

सरपंचाला हे कसं कळणार, असं मला एका विस्तार अधिकाऱ्यांनी विचारलं. त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता. पण सरपंचाला मोटारीचं वाइंडिंगही कळत नाही. तरी पाणीपुरवठ्याची मोटार घेताना तो आयएसआयचा शिक्का बघतोच, कारण कोणीतरी वरच्या पातळीवर तो शिक्का काय असावा हे ठरवून ठेवलं आहे. सरकारी खरेदी जेम या सरकारच्या ऑनलाइन बाजारावरून होते. तिथल्या अटींत चार ओळी वाढवणं हे राज्याच्या माहिती-तंत्रज्ञान खात्याचं काम आहे. आपल्या भागात कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे, अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. जिल्ह्यातली मशीनं कशानं पडतात याची वर्षभराची नोंद त्यांच्या विद्यार्थ्यांनी केली तर त्या चार ओळी कोणत्या असाव्यात हे अंदाजानं ठरवावं लागणार नाही.

मी माझ्यापुरती सुरुवात केली आहे. यावलच्या त्या दिवसानंतर मी पावतीबुक छापून घेतलं, शंभर पानांचं, कार्बन कॉपीसह. चार सेवा केंद्रांत ते दिलं. मशीन पडलं किंवा संकेतस्थळ बंद झालं की ऑपरेटरनं तारीख, वेळ, काय काम चालू होतं, पडद्यावर काय आकडा आला आणि किती वेळ बंद होतं, हे लिहायचं. मूळ प्रत समोर बसलेल्या माणसाच्या हातात द्यायची, कार्बन केंद्रात. पहिल्या महिन्यात ६३ पावत्या फाटल्या. त्यातल्या १९ एकाच जातीच्या अंगठ्याच्या यंत्राच्या निघाल्या, आणि त्या ज्या तीन केंद्रांतून आल्या तिथे पडद्यावरचा आकडा सारखाच होता. ती १९ कार्बनं घेऊन येत्या सोमवारी मी तहसीलला जाणार आहे.

पावतीच्या अगदी वर एक ओळ छापली आहे. प्रेसवाल्यानं विचारलं, ही कशाला? मी म्हणालो, राहू दे. 'या बिघाडात अर्जदाराची चूक नाही.'